बसण्याची फी

असाकुसाच्या रस्त्यावर किमोनो घातलेली तरुणी समोरून आली, की ती जपानी नसणार असं खुशाल समजावं. ती तैवानची असते, थायलंडची असते, हल्ली बोरिवलीचीही असू शकते. खरी टोकियोची मुलगी तिच्या शेजारून काळा कोट घालून ऑफिसची गाडी पकडायला धावत असते. मग किमोनोवाली कोटवालीला हातानंच खुणावते, ‘जरा फोटोतून बाजूला होता का?’ आणि जिच्या पणजीचा तो पोशाख, ती कमरेत वाकून माफी मागते आणि बाजूला होते.

या फोटोत माझी बायकोही होती आणि तिची थोरली बहीण, ताईही होत्या. ताईंचे यजमान म्हणजे माझे साडू. या सगळ्या सहलीची कर्तीकरविती त्यांची मुलगी. ती टोकियोतल्या निशी-कासाईत राहते. हा भाग एदोगावा प्रभागात येतो, आणि तिथे आपली माणसं इतकी झाली आहेत की २०१९ साली प्रभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. त्यामुळे कढीपत्त्याची चिंता नव्हती. चिंता होती ती भाचीच्या मोबाइलमधल्या वेळापत्रकाची. त्यात साडेदहाला किमोनो, एक वाजता चहा, तीनला देव, साडेचारला वाहन आणि सहाला आंघोळ असा मजकूर होता. आजोळी कुळाचार असाच असायचा, फक्त त्याला आगाऊ पैसे भरावे लागत नसत.

टोकियोत पाहुण्यांसाठी संस्कृतीचे असे तुकडे पाडून ठेवलेले आहेत. तलवार तासाभराची, फुलांची मांडणी दीड तासाची, सुलेखन त्याहून कमी. ‘कालातीत शांततेचा अनुभव’ घ्यायला दहा मिनिटं आधी यावं लागतं आणि उशीर झाला तर पैसे परत नाहीत. कप्पाबाशी नावाच्या रस्त्यावर तर मेणाची भजी करायला शिकवतात. हॉटेलांच्या काचेत ठेवायला जे खोटे पदार्थ लागतात, ते. कोमट पाण्यावर पिवळं मेण उंचावरून सोडायचं, त्याची जाळी झाली की त्यात मेणाची कोळंबी गुंडाळायची. साडूंनी ही भजी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तळल्याच्या आनंदात दिवसभर सगळ्यांना दाखवली. त्यांच्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवू शकलं नाही, कारण कुणी खाऊच शकलं नाही.

पण किमोनोकडे येतो. नेसवायला साठीच्या पुढच्या एक बाई होत्या, ओठात दोऱ्या धरलेल्या. ताई उत्साहात पुढे झाल्या आणि आरशासमोर आपल्या हातानंच किमोनो ओढून घेतला. उजवी बाजू डावीवर. बाई क्षणभर थबकल्या. मग म्हणाल्या, ‘फार छान,’ आणि सगळं सोडवून पुन्हा डावी उजवीवर घेऊन बांधलं. नंतर भाचीनं सांगितलं की ताईंनी घेतला तसा किमोनो जपानात फक्त मृताला नेसवतात. एवढी गंभीर गोष्ट, पण बाईंनी ‘फार छान’च्या पलीकडे एक अक्षर उच्चारलं नाही. आमच्याकडे साधा पदर उलटा गेला तरी तीन घरांत ऐकू जाईल इतपत सुधारणा होते.

पुढचा प्रकार आणखी नाजूक होता. किमोनोला कंबर चालत नाही. अंग वरपासून खालपर्यंत सरळ दिसलं पाहिजे, म्हणून जिथे कंबर आत गेलेली असते तिथे टॉवेल भरतात. माझी बायको रोज पहाटे उठून टेकडी चढते. त्या टेकडीचं सगळं फळ दोन टॉवेलांखाली गेलं. ताईंच्या भोवती मात्र बाईंनी एकदा हात फिरवला, टॉवेल परत घडी करून ठेवला आणि मनापासून म्हणाल्या की यांना काहीच लागणार नाही, आकार अगदी योग्य आहे. ताईंनी भाचीला हे वाक्य जपानीत लिहून मागितलं. ते त्यांना त्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं.

या अनुभवांच्या नावाखाली नेमकं विकतात काय, हे माझ्या तिथेच ध्यानात यायला लागलं. मेणाची भजी सोडली तर वस्तू काहीच हाती येत नाही. किमोनो संध्याकाळी परत करायचा, वाडगा परत करायचा, टॉवेलही परत करायचा. विकत मिळतात ती बोलणी. कसं बसावं, कसं उठावं, चपला कुठे काढाव्यात, ताटलीत टाकू नये, दोन्ही हातांनी घ्यावं, मोठ्यानं बोलू नये. हे सगळं आमच्या आजीनं आम्हाला फुकट सांगितलं होतं आणि आम्ही ते ‘जुनाट’ म्हणून उडवून लावलं होतं. आता तेच ऐकायला माणशी काही हजार येन मोजून, विमानानं रात्रभर अवघडून येऊन आम्ही रांगेत उभे होतो. फरक एवढाच की आजी बोलली की राग यायचा, आणि ही माणसं अशा रीतीनं बोलतात की आपल्याला बोलणी बसली हे जेवणाच्या वेळेला लक्षात येतं.

चहाच्या खोलीचं दार हे याचं उत्तम उदाहरण. त्याला दार म्हणणं धाडसाचं आहे. जेमतेम दोन-सव्वादोन फूट उंच. चहाची ही रीत ज्यांनी घडवली ते सेन नो रिक्यू सोळाव्या शतकातले. त्या काळच्या चहाच्या खोल्यांना अशीच दारं असत. सामुराई असला तरी त्यानं तलवार बाहेर ठेवायची आणि गुडघ्यांवर रांगत आत यायचं. आत सगळे सारखे. याच रिक्यूंना १५९१ साली त्यांच्या धन्यानं, तोयोतोमी हिदेयोशीनं, स्वतःचं पोट चिरून घ्यायला लावलं, तेव्हा बाहेर सगळे सारखे नव्हते हेही खरं. हा हिदेयोशी सोन्यानं मढवलेली चहाची खोली बाळगून होता. तिचे भाग सुटे करून ती हवी तिथे नेता येई. गवताच्या छपराखाली मातकट वाडग्यातून चहा पिण्यात सगळं आहे, असं सांगणारा माणूस अशा धन्याच्या पदरी किती दिवस टिकणार?

साडूंकडे तलवार नव्हती. बाहेर ठेवून यावं असं जे होतं ते पोट, आणि ते काढता येईना. ते दारात अर्धे आत, अर्धे बाहेर असे काही वेळ होते. यजमानीणबाई समोर हात जोडून बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जणू पाहुणे नेहमी हप्त्याहप्त्यानंच येतात.

आत आल्यावर बसायचं. आपण मराठी माणसं स्वतःला बसणारे समजतो. पंगती, भजन, हळदीकुंकू, सत्यनारायण, सगळं जमिनीवर. पण आपली बैठक मांडीची. यांची बैठक म्हणजे सरळ वज्रासन. योगाच्या वर्गात शिक्षक ‘जेवणानंतर पाच मिनिटं’ म्हणून सांगतात ते. इथे ते अख्ख्या चहाला पुरवायचं. पहिली काही मिनिटं आमच्या चेहऱ्यांवर ‘हे तर आमच्याकडूनच तुमच्याकडे गेलं’ असा अभिमान होता. मग एकेकाच्या पायांतून मुंग्यांची वारी निघाली. ताईंचे दोन्ही गुडघे गेल्या वर्षी बदललेले. त्यांना कुणी काही विचारायच्या आत यजमानीणबाईंनी एक छोटं स्टूल आणून ठेवलं. मला वाटलं, ही आमच्यासारख्यांसाठी हल्लीची पळवाट. तर तसंही नाही. टेबलखुर्चीवरच्या चहाची रीत उरासेनके या चहाच्या घराण्याच्या अकराव्या प्रमुखांनी १८७२ साली क्योतोच्या प्रदर्शनासाठी बसवली, परदेशी पाहुण्यांना जमिनीवर बसवेना म्हणून. म्हणजे पाहुण्यांच्या गुडघ्यांपुढे जपानी संस्कृतीनं दीडशे वर्षांपूर्वीच स्टूल ठेवलेलं आहे, आणि तेही रीतसर, घराण्याच्या शिक्क्यानिशी.

आधी गोड येतं. पानाच्या आकाराची एक सुबक मिठाई, लाकडी काडीनं कापून, सगळी संपवायची. नंतर चहा. बांबूच्या बारीक फाकांच्या घुसळणीनं वाडग्यातच घुसळलेला, हिरवागार, वर फेस. ताईंनी भाचीला हळूच विचारलं, ‘दूध मागून येतं का गं?’ दूध मागून येत नाही. साखर मघाशी पोटात गेली तीच. वाडगा तळहातावर घ्यायचा, दोनदा फिरवायचा, कारण त्याची दर्शनी बाजू आपल्या तोंडाला लागता कामा नये. आपण कपाला नाक मुरडतो, इथे कपाचाच मान राखायचा असतो.

आणि मग ते घडलं. साडू लग्नापासून बशीत चहा ओतून फुर्र करून पितात आणि ताई लग्नापासून त्यांना त्यावरून चारचौघांत डोळे दाखवतात. यजमानीणबाईंनी सांगितलं की शेवटचा घोट आवाज करून ओढायचा. चहा आवडला, संपला, हे यजमानाला त्यावरून कळतं. साडूंनी हे वाक्य भाचीकडून दोनदा भाषांतर करून घेतलं. मग वाडगा उचलला आणि असा काही घोट ओढला, की भिंतीवरची लिहिलेली गुंडाळी हलली. यजमानीणबाई खोल वाकल्या. साडूंनी ताईंकडे पाहिलं. ही एक नजर पाहायला मिळाली तेव्हाच माझे येन वसूल झाले.

तीनचा देव म्हणजे सेन्सोजीचं देऊळ. त्याबद्दल थोडक्यात. ६२८ साली दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोन या बोधिसत्त्वाची मूर्ती आली, अशी कथा आहे. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, त्यामुळे दर्शनाची रांग वेगानं सरकते. दारावरचा तो प्रसिद्ध लाल कंदील सातशे किलोचा आहे आणि तो पहिल्यांदा १९६० साली पॅनासॉनिकच्या संस्थापकांनी दिला. विजेचं सामान विकणाऱ्यानं कागदाचा कंदील द्यावा, ही दानत मला फार आवडली. तिथे शंभर येन टाकून पत्र्याचा डबा हलवायचा, काडी बाहेर येते, तिच्यावरच्या आकड्याच्या खणातून भविष्याचा कागद घ्यायचा. शंभर काड्यांत तीस वाईट, ही जुनी वाटणी या देवळानं ग्राहकांच्या समाधानासाठी बदललेली नाही. ताईंना वाईट आलं. वाईट आलं तर कागद तिथल्या तारेला बांधून निघून जायचं असतं. ताई म्हणाल्या, ‘शंभर येन देऊन वाईट कसं घ्यायचं?’ आणि चांगलं येईपर्यंत डबा हलवत राहिल्या. पाच माणसांचा जेवणाचा खर्च त्या डब्यात गेल्यावर एकदाचं ‘थोडं चांगलं’ आलं.

खरा धक्का पुढे, नदीच्या बाजूला. मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ टेकाडावर आहे. आतला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती, बौद्धधर्माबरोबर चीनमार्गे इकडे आलेला. मूर्ती इथेही पडद्याआड. पण पायऱ्यांवर, दिव्यांवर, भिंतींवर सगळीकडे कोरलेला आहे मुळा. दोन मुळे एकमेकांना बिलगलेले. देवाला नैवेद्यही मुळ्याचाच. पांढराशुभ्र, मनगटापेक्षा जाड, अख्खा. देवळातच विकत मिळतो. ताईंनी दुर्वा शोधल्या, लाल फूल शोधलं, मोदकाची चौकशी केली. (मोदकाचा एक जपानी भाऊबंद आहे, तळलेला, पण तो क्योतोत मिळतो.) शेवटी दोन्ही हातांत मुळा धरून त्या बाप्पापुढे उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘मी सांगितलंय त्याला, की ही इथली पद्धत आहे, माझी नव्हे.’

साडेचारचं वाहन म्हणजे माणसानं ओढायची रिक्षा. ही गाडी १८७० च्या सुमारास जपानातच निघाली आणि तिथून आशियाभर गेली. आपल्याकडे माथेरानला ती अजून ओढली जात होती. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की माणसानं माणसाला ओढणं प्रतिष्ठेला धरून नाही, सहा महिन्यांत बंद करा. असाकुसात हीच गाडी ओढायला देखणी, पोटऱ्या कमावलेली तरुण पोरं निवडून घेतात, त्यात कॉलेजातली पुष्कळ, काही मुलीही. दोघांचे अर्ध्या तासाला नऊ-दहा हजार येन पडतात. पोरगा पळता पळता इतिहास सांगतो, थांबून फोटो काढतो, विनोदही करतो. माथेरानच्या घोट्याएवढ्या लाल धुळीत ओढणाऱ्याला विनोद करायला कुणी सांगितलं नव्हतं आणि दरही असा नव्हता. गाडी तीच, चाकं तीच, एका जागी लाज आणि दुसऱ्या जागी आगाऊ नोंदणी. ताई बसल्या नाहीत. माझी बायको बसली. तिच्या मते तो मुलगा स्वखुशीनं पळत होता, आणि इतक्या चांगल्या दातांच्या माणसाला नाही म्हणणं बरं दिसत नाही.

मग आंघोळ.

टोकियोत सार्वजनिक स्नानगृहं, सेन्तो, १९६८ च्या सुमारास अडीच हजारांच्या वर होती. घरोघरी न्हाणीघरं झाली तशी ती साडेचारशेच्या आत आली. दर सरकार ठरवतं, २०२४ पासून साडेपाचशे येन. म्हणजे दिवसभरातला हा सगळ्यात स्वस्त अनुभव, आणि सगळ्यात महागही, कारण इथे फीबरोबर कपडेही सोडावे लागतात. सगळे.

आपला माणूस न्हाणीघराचं दार लावतो, कडी घालतो, आत एकटाच असतो, तरी पंचा गुंडाळून आंघोळ करतो. देव बघत असतो ना! अशा माणसाला निळ्या पडद्याआडून आत सोडलं की तो पहिल्यांदा भिंतीवरच्या सूचना वाचायला घेतो. साडूंनी आणि मी त्या सूचना इतक्या बारकाईनं वाचल्या की तेवढं लक्ष आम्ही कधी घराच्या करारनाम्यालाही दिलं नव्हतं. साबण लावून धुतल्याशिवाय टाकीत उतरू नये. टॉवेल पाण्यात बुडवू नये. पळू नये. गोंदण असलेल्यांना पुष्कळ ठिकाणी, विशेषतः मोठ्या स्नानगृहांत आणि गरम झऱ्यांवर, मज्जाव असतो, कारण गोंदण ही तिथे गुंडांच्या टोळ्यांची खूण. आमच्या आजीच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते आणि हातावर तुळस. जपानातल्या सगळ्या झऱ्यांनी तिला टोळीप्रमुख समजून हात जोडून परत पाठवलं असतं.

एकदा आत गेलं की मात्र आपण घरी आल्यासारखे होतो. पाटासारखं बुटकं स्टूल. पिवळी धमक प्लास्टिकची घमेली, ज्यांच्या तळाशी एका वेदनाशामक औषधाची जाहिरात. ही जाहिरात १९६३ पासून तिथेच आहे. बसून, पाणी घेऊन, अंगावर ओतायचं. तांब्या-बादलीवर वाढलेल्या माणसाला यात शिकण्यासारखं काही नाही; अमेरिकेचे दोन तरुण शेजारी उभे राहूनच फवारा सोडत होते, त्यांच्याकडे आम्ही जाणत्या माणसाच्या नजरेनं पाहिलं. चेहऱ्यापुरतंच. समोरच्या भिंतीवर फुजीचा प्रचंड डोंगर रंगवलेला. ही चाल १९१२ साली कांदा भागातल्या एका स्नानगृहानं पाडली, आणि असे डोंगर रंगवणारे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

टाकीतलं पाणी नरकचतुर्दशीच्या पहाटेचं. साडू एक पाऊल घालून काढत, दुसरं घालून काढत, शेवटी देवाचं नाव घेऊन बसले, आणि हातातला तो रुमालाएवढा टॉवेल सवयीनं समोर धरून पाण्यात नेला. कोपऱ्यात गळ्यापर्यंत बुडालेले एक आजोबा होते. त्यांनी डोळे उघडले. आमच्याकडे पाहिलं नाही, फुजीकडे पाहिलं, आणि एक बोट स्वतःच्या डोक्याकडे नेलं. त्यांच्या टकलावर घडी केलेला टॉवेल होता. साडूंनी आपला पिळून डोक्यावर ठेवला. आजोबांनी डोळे मिटले. इतकी छोटी, इतकी संपूर्ण बोलणी मी आजवर पाहिली नव्हती. आणि त्यासाठी वेगळे पैसेही घेतले नाहीत.

काबुकी दुसऱ्या दिवशी होतं. गिन्झातलं काबुकी-झा नाट्यगृह १८८९ चं, आजची इमारत २०१३ ची, आणि पाठीमागे एकोणतीस मजल्यांचा मनोरा. सबंध खेळ चार-चार तास चालतो, पण पाहुण्यांची ताकद ओळखून चौथ्या मजल्यावर एकाच अंकाचं तिकीटही देतात. काबुकी सुरू केलं ते इझुमोच्या ओकुनी नावाच्या बाईनं, १६०३ च्या सुमारास. १६२९ साली सरकारनं बायकांनाच रंगभूमीवर बंदी घातली, तेव्हापासून स्त्रीच्या भूमिका पुरुष करतात. इतर प्रवाशांना हे फार विचित्र वाटतं. साडूंच्या घरात बालगंधर्वांचा शालू नेसलेला फोटो देवांच्या ओळीत लावलेला आहे. पडद्याआडून ती ‘नायिका’ मान किंचित तिरकी करून आली, तसे ते पुढे सरकून बसले आणि अंकभर मागे टेकले नाहीत.

नट एका जागी येऊन थबकतो, डोळे वटारतो, बाजूला लाकडाचे ठोकळे जमिनीवर आपटतात, आणि त्या नेमक्या क्षणी आमच्या मागून एक खणखणीत हाक आली. नटाच्या घराण्याचं नाव. अर्धा क्षण आधी आली असती तर प्रसंग मोडला असता, नंतर आली असती तर हसू झालं असतं. साडूंच्या अंगावर काटा आला. लहानपणापासून ‘वन्स मोअर’ दिलेला माणूस. त्यांनी लगेच छाती भरून घेतली. भाचीनं त्यांचा दंड धरला. इथे हाक वाटेल त्यानं घालायची नसते, ती जाणकारांनीच घालायची असते, तीही मागच्या रांगांतून.

अंक संपल्यावर साडूंनी हाक घालणाऱ्या गृहस्थांना जिन्यात गाठलं. सत्तरीचे, साधे, हातात प्लास्टिकची पिशवी. भाचीला मध्ये घालून विचारलं, हे शिकता कुठे येतं? ते म्हणाले, तरुणपणापासून महिन्यातून दोन-तीनदा येतो, वडिलांच्या शेजारी बसून ऐकायचो, चाळिशी उलटल्यावर पहिली हाक घातली.

साडूंनी थोडा विचार केला.

‘यांना विचार,’ ते भाचीला म्हणाले, ‘याचा दीड तासाचा काही वर्ग असतो का? मी बसायला तयार आहे. वज्रासनातसुद्धा.’